चोथा गुरांना, चूर्ण माणसांना

नांदेड किंवा लातूरच्या बसस्थानकाबाहेरच्या भिंती वाचत गेलं, तर या भागातल्या माणसांचं सगळ्यात मोठं दुखणं पोटाचंच असावं असं वाटतं. मूळव्याध, भगंदर, फिशर, जुनाट बद्धकोष्ठ यांवर हमखास उपचाराची जाहिरात नाही अशी भिंत शोधावी लागते. औषधाच्या दुकानात रात्री दूध किंवा कोमट पाण्याबरोबर घ्यायच्या चूर्णांचे डबे समोरच्या फळीवर असतात आणि ते न विचारता मिळतात. याच शहरांच्या औद्योगिक वसाहतींत, लातूर-उदगीरकडे तर विशेषच, दिवसरात्र डाळमिल चालतात. तिथे तुरीची आणि हरभऱ्याची टरफलं निघतात, पोती भरून पशुखाद्याला जातात. आतड्याला ज्याची गरज आहे तो चोथा आपण पिकवतो, यंत्राने काढून टाकतो, आणि तो न खाल्ल्याने जे होतं त्यावर चूर्ण विकत घेतो. मोठ्या आतड्याच्या आरोग्याचा प्रश्न मराठवाड्यात असा उभा आहे. तो एखाद्या चमत्कारी धान्याचा किंवा जुन्या पथ्याचा प्रश्न नाही. रोजच्या ताटातून चोथा कुठल्या वाटेने गेला आणि तो परत यायचा तर कुठल्या वाटेने येईल, एवढाच तो प्रश्न आहे.

मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. लहान आतड्याने पचवायचं ते पचवून झालं की उरलेलं इथे येतं. इथे पाणी शोषलं जातं हे शाळेतच शिकवतात. पण या दीड मीटरमध्ये अब्जावधी जिवाणू राहतात आणि आपल्याला न पचलेला चोथा हे त्यांचं अन्न, ही गोष्ट त्यामानाने उशिरा कळली. चोथा आंबवताना हे जिवाणू काही आम्लं तयार करतात. त्यातलं ब्युटिरेट हे आम्ल आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी रक्तातून आलेल्या इंधनावर जगतात, या पेशी मात्र शेजारच्या जिवाणूंनी रांधलेलं खातात. चोथा कमी पडला की त्यांची उपासमार होते आणि काही जिवाणू अस्तरावरचा संरक्षक बुळबुळीत थरच कुरतडू लागतात. चोथ्याचं दुसरं काम साधं आहे. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरपूर होतो, लवकर बाहेर पडतो. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडात अनेक वर्षं काम केल्यावर १९७१ साली मांडलं की आफ्रिकेच्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग, मूळव्याध, आतड्याला पिशव्या पडणं हे विकार क्वचितच दिसतात, आणि त्याचं कारण तिथल्या भरड, चोथायुक्त जेवणात असावं. पुढच्या वर्षी त्याने आणि सहकाऱ्यांनी मोजमापं छापली. खेड्यातल्या आफ्रिकी माणसाचं अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडत होतं, ब्रिटिश माणसाला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागत होता, आणि मळाच्या वजनातला फरक तर कित्येक पटींचा होता.

बर्किटने आफ्रिकेत जे पाहिलं ते दख्खनमध्येही दिसतं का, हे तपासायला आपल्याकडे बऱ्यापैकी जागा आहे. मुंबईत १९६३ साली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी या नोंदणीत परांडा आणि भूम हे धाराशिव जिल्ह्यातले तालुके येतात. म्हणजे लातूरकरांच्या शेजारची, तेच पाणी पिणारी, तीच ज्वारी खाणारी साडेतीनशेच्या आसपास गावं. या नोंदणीत स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळक दिसत राहिला. मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र मुंबईच्याही मागे राहिला. देशपातळीवर वयानुसार समायोजित दर लाखामागे पाचच्या आसपास आहे, ब्रिटन-अमेरिकेत तो पाच-सहा पट. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६०-७० च्या दशकांत भारताच्या वेगवेगळ्या भागांतल्या पोटाच्या कर्करोगांची तुलना करताना चोथा, ताक-दही आणि चावून खाण्याची सवय यांच्याकडे बोट दाखवलं होतं. त्यांची मांडणी सगळीच टिकली असं नाही, पण प्रश्न योग्य होता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. खेड्यातली माणसं कर्करोग होण्याच्या वयापर्यंत जगतच नव्हती, आणि ज्यांना झाला ते दवाखान्यात पोचले नाहीत. मग कमी दर ही भाकरीची करामत कशी म्हणायची? वयाचा मुद्दा निकाली निघतो, कारण हे दर वयाचा फरक वजा करूनच काढलेले असतात. न पोचलेल्या रुग्णांचा मुद्दा इतका सहज निघत नाही. दुर्बिणीची तपासणी खेड्यात होत नाही, तेव्हा काही रोगी नोंदीतून निसटत असणारच. पण बार्शीची नोंदणी रुग्णाची वाट पाहत बसणारी नव्हती. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं असलेल्यांना तपासणीला आणत. गर्भाशयमुखाचा आणि तोंडाचा कर्करोग सापडतो आणि फक्त आतड्याचाच पाच-सहा पटीने निसटतो, हे पटत नाही. शिवाय हेच भारतीय इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झाले की त्यांचा दर मायदेशातल्या माणसांपेक्षा वर चढतो. रक्त तेच राहतं, ताट बदलतं. ताटाबरोबर वजन, बसून काम आणि दारूही बदलते हे खरं, म्हणून सगळं श्रेय चोथ्याला देता येणार नाही. थोडं मात्र द्यावंच लागेल.

किती, यावर जगातल्या संशोधकांत चांगलीच जुंपली होती. १९९९ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात चोथा जास्त खाणाऱ्यांना आतड्याच्या कर्करोगापासून काही संरक्षण दिसलं नाही. पुढच्याच वर्षी दोन प्रयोगांचे निष्कर्ष आले. आतड्यातले मोड (पॉलिप) काढलेल्या लोकांना गव्हाचा कोंडा किंवा चोथायुक्त आहार तीन-चार वर्षं दिला, तरी नवे मोड येण्याचं प्रमाण घटलं नाही. बर्किट संपला, अशा थाटात तेव्हा बरंच लिहिलं गेलं. मग २००३ साली युरोपातल्या दहा देशांच्या अभ्यासात उलट चित्र आलं आणि २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला: रोज १० ग्रॅम चोथा वाढला की धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी, आणि त्यातही अख्ख्या धान्याचा चोथा जास्त उपयोगी. हे निष्कर्ष वरवर एकमेकांना छेद देतात, पण नीट पाहिलं तर फारसे देत नाहीत. अमेरिकेतल्या अभ्यासात ‘जास्त’ चोथा खाणारे म्हणजे रोज पंचवीसेक ग्रॅमवाले. आपल्या खेड्यात तो किमान हिशेब होता. पन्नाशी उलटलेल्या, आधीच मोड आलेल्या माणसाला तीन वर्षं कोंडा चारून साठ वर्षांच्या खाण्याची भरपाई होईल ही अपेक्षाच भाबडी होती. आणि डब्यातला कोंडा वेगळा, जेवणातला चोथा वेगळा. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला या सगळ्यांत बोलका वाटतो. पिट्सबर्गमधल्या वीस आफ्रिकी-अमेरिकन माणसांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या वीस माणसांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण घेतलं. भरड मका, कडधान्यं, भाज्या खाणाऱ्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेटची निर्मिती दोन-अडीच पटीने वाढली, अस्तराची सूज उतरली. बर्गर-सॉसेज खाणाऱ्या आफ्रिकनांचं नेमकं उलट झालं. कर्करोग टळला असं यातून सिद्ध होत नाही. पण आतडं जेवणाची नोंद किती लगेच घेतं ते कळतं.

आता आपलं ताट. ज्वारीला सध्या बरे दिवस आले आहेत, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आणि पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत भाकरीला पोळीपेक्षा जास्त भाव आहे. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: चोथ्याच्या बाबतीत ज्वारी गव्हाहून श्रेष्ठ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा आहे, आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११ च्या आसपास. खरा कडेलोट पुढे आहे. पॉलिशच्या तांदळात तो जेमतेम ३ ग्रॅमवर येतो, मैद्यातही तेवढाच. गिरणीतून दळून आणलेल्या गव्हाची, कोंड्यासकट केलेली चपाती आतड्याची वैरीण नाही. भाकरी विरुद्ध चपाती हे भांडण लावून आपण भात, मैदा आणि चाळणी यांना मोकळं सोडतो. ज्वारीच्या बाजूने वेगळं सांगण्यासारखं आहे ते तिच्या स्टार्चबद्दल. तो हळू पचतो, त्यातला काही भाग न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो, आणि भाकरी शिळी झाली की हा भाग वाढतो. रात्रीच्या भाकरीचा ताकात कुस्करून केलेला काला ही गरिबाची न्याहारी म्हणून हिणवली गेली. आतड्याच्या नजरेने तिच्यात काहीच कमी नव्हतं.

हिशेब करून पाहावा. तीन भाकरींना दोनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ लागतं, म्हणजे २० ग्रॅम चोथा. वाटीभर घट्ट वरणातून ४, शंभर ग्रॅम मेथीतून जवळजवळ ५, शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या चटणीतून दोन-अडीच. एकूण तीसच्या वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम सांगते. हे ताट कुणी न सांगता तिथे पोचत होतं. आता दुसरं ताट: दोनशे ग्रॅम तांदळाचा भात, साडेपाच ग्रॅम. पातळ वरणात वीस ग्रॅम डाळ, दोन. बटाट्याची भाजी, दोन. दोन वेळच्या चहाबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटं मिळून पन्नास ग्रॅम मैदा, दीड. बेरीज ११. पोट दोन्ही ताटांनी भरतं. दुसरं ताट स्वस्त आहे, करायला सोपं आहे, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांत तेच रोजचं झालं आहे.

हा बदल लोकांच्या जिभेने केला असं म्हणणं सोपं आहे, आणि बरंचसं खोटं आहे. खरिपाची ज्वारी मराठवाड्यातून का हटली? काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडतात, दाण्याला भाव मिळत नाही. पाखरं राखायला माणूस लागतो, काढणी-मोडणीला मजूर लागतात. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, यंत्राने मळता येतं, लातूरच्या बाजार समितीत त्याच दिवशी पैसे हातात येतात. शेतकऱ्याने हिशेब केला आणि सोयाबीन पेरलं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण सोयाबीन तो खात नाही, ते तेलाच्या गिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांना. करडई आणि जवस मागे पडले, तेव्हा कोवळ्या करडईची भाजी आणि जवसाची चटणीही घरातून हळूहळू गेली. ज्वारी शेतातून गेल्यावर घरात आलं ते रेशनचं धान्य. २०१५ पासून काही वर्षं तर आत्महत्याग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे सगळ्या मराठवाड्यातही, केशरी कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत होता. त्याने अनेक घरांची चूल पेटती राहिली, त्या योजनेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण बाजारात ज्वारी तीस-चाळीस रुपये किलो असताना तीन रुपयांच्या तांदळाशी ती काय स्पर्धा करणार होती? शाळेतला पोषण आहारही तांदळावरच बेतलेला. ज्या तालुक्यात धान पिकत नाही तिथली मुलं रोज दुपारी खिचडी खातात.

डाळीचीही तीच गत, फक्त तिथे यंत्र मध्ये येतं. डाळमिलमध्ये तूर आधी चाळणीवर साफ होते, मग खडबडीत रोलरवर टरफलाला चरे पडतात, दाण्याला थोडं तेल चोपडून ती मुरत ठेवतात, उन्हात वाळवतात, पाण्याचा हबका देतात आणि पुन्हा रोलरवर घालतात. टरफल सुटतं, दाणा दुभंगतो. शंभर किलो तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते. बाकी चुनी आणि भुसा. अख्ख्या तुरीत शंभर ग्रॅमला सुमारे २३ ग्रॅम चोथा असतो, डाळीत ९ उरतो. हरभऱ्याचा २५ वरून १५ वर येतो. आता कुणी म्हणेल, अख्ख्या तुरीचं वरण कोण खातं? कोणीच नाही, आणि खावं असं माझं म्हणणंही नाही. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या ज्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालं ती डाळ म्हणूनच गोड लागते. पण या भागात डाळीच्या जोडीला अख्खी कडधान्यं होती. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, चवळी, घुगऱ्या, हिवाळ्यात तुरीच्या आणि हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आमटी. वरण राहिलं, उसळ सणासुदीची झाली, आणि तिथे चोथ्याचा तोटा झाला.

दुसरा मोठा आक्षेप जुन्या ताटाचं कौतुक करणाऱ्यांनी ऐकायलाच हवा. ज्वारी खाऊन दख्खनची गरीब माणसं निरोगी होती, हे खरं नाही. हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं की ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा हा रोग आढळतो. कातडी काळवंडून सोलते, डोकं भ्रमतं, आणि हगवण लागते. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाकडे त्यांनी संशयाने पाहिलं. नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचेच भाग, तेव्हा ही कथा परक्या मुलखाची नाही. म्हणजे ज्या धान्याला आज आतड्याचा मित्र म्हणतात, त्याच धान्याने आतडं बिघडवल्याचा पुरावा आपल्याच प्रदेशातला आहे. या आक्षेपाने माझी मांडणी मोडत नाही, उलट तिला नेमकेपणा येतो. पेलाग्रा झाला तो ज्वारी खाल्ल्याने कमी आणि ज्वारीशिवाय दुसरं काही न मिळाल्याने जास्त. भाकरी, मीठ, मिरची यावर दिवस काढणाऱ्या मजुराला वरण, ताक, भाजी मिळाली की रोग हटत असे. आतड्याचं रक्षण एका धान्यात नसतं, जोडीत असतं.

ती जोडी पाहायची तर मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येचं, लातूरकरांच्या येळवशीचं, शेतातलं जेवण पाहावं. त्या दिवशीची भज्जी म्हणजे भजी नव्हे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे उकडून घेतात. त्यात मेथी, चुका, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, गाजर, हाताला येईल ते रानातलं पडतं. वर आंबट ताकात कालवलेलं बेसन ओतून मोठ्या पातेल्यात रटरटू देतात. जोडीला बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, आणि पिठाची आदल्या दिवशीच ताकात आंबत घातलेली, लसूण-जिऱ्याची आंबील. धान्य, चार-पाच प्रकारची कडधान्यं टरफलासकट, पालेभाज्या, आंबवलेलं पेय. आहारतज्ज्ञाने कागदावर मांडून काढावं तसं हे ताट आहे, आणि त्यातला एकही जिन्नस शिवाराबाहेरचा नाही. पंचाईत एवढीच की ते वर्षातून एकदा येतं आणि त्याचे फोटो मात्र वर्षभर फिरतात. उन्हाळ्यात पालेभाजी मिळत नाही ही खरी अडचण आहे. तिच्यावर सांडगे, वाळवलेली अंबाडी, वाळवलेली गवार हे उपाय होते. अर्धापूरचं केळं तर बारमाही आहे, आणि कच्च्या केळ्याच्या भाजीत न पचणारा स्टार्च भरपूर असतो, याचा उपयोग नांदेडकर फारसा करत नाहीत.

भाकरी परत आणा म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि थापायला बायका. हा आक्षेप कागदावर क्वचित येतो, घरोघरी मात्र ऐकू येतो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते उकळत्या पाण्यात मळावं लागतं, एकेक भाकरी थापून, पाणी फिरवून, तव्यावरून निखाऱ्यांवर टाकावी लागते. शेतात मजुरी करून आलेल्या बाईला कुकरमध्ये भात लावणं सोयीचं वाटलं, यात तिचा दोष काय? म्हणून उपाय भाकरीपुरता ठेवू नये. ज्वारीच्या कण्या भातासारख्याच कुकरमध्ये शिजतात. पोळीचं पीठ चाळणीतून न काढता मळता येतं. रोजच्या वरणात मूठभर अख्खे मूग किंवा मसूर टाकायला वेगळी मेहनत पडत नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी राज्यभरातून आलेली मुलं मेसवर दोन-दोन वर्षं काढतात. भात, बटाटा, पातळ वरण आणि संध्याकाळी गाड्यावरचा वडापाव यांवर सतरा-अठरा वर्षांची आतडी चालतात आणि परीक्षेच्या तोंडावर तीच मुलं पोट साफ होत नाही म्हणून डॉक्टरकडे जातात. मेसवाल्याने आठवड्यातून चार दिवस उसळ दिली तर त्याचा खर्च फार वाढणार नाही. पालकांनी निकालाची टक्केवारी विचारताना हेही विचारावं.

‘कडधान्यं वातूळ, पोटात गुबारा धरतो’ ही तक्रारही झटकून टाकण्यासारखी नाही. चोथा आंबतो तेव्हा वायू होणारच. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण आहे. पण रोज ११ ग्रॅम खाणाऱ्याने एकदम ३० ग्रॅमवर उडी घेतली तर त्रास होईल आणि तो दोन दिवसांत जुन्या ताटाकडे परतेल. महिना-दीड महिना घेऊन वाढवावं, कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावं, मोड आणावेत. हिंग-ओव्याची फोडणी आपल्याकडे आहेच. ज्यांना आतड्याला सूज, व्रण किंवा अरुंदपणा असल्याचं निदान झालं आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच चोथा वाढवावा. आणि पाणी हवं. चोथा पाणी धरतो म्हणूनच उपयोगी; पाणी नसेल तर तोच अडकतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे भरपूर पाणी प्या हा सल्ला थोडा जपूनच द्यायला हवा. शेतात, बाजारात, प्रवासात शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणाऱ्या बायकांचं बद्धकोष्ठ ज्वारीने बरं होणार नाही. चूर्णांबद्दल थोडक्यात: इसबगोल हा चोथाच आहे, तो उपयोगी आहे आणि त्याला चांगला पुरावा आहे. सोनामुखीची चूर्णं आतड्याला ढोसून काम करवून घेतात. अडीअडचणीला ठीक, वर्षानुवर्षं रोज घेणं शहाणपणाचं नाही. आणि ‘आतडी धुऊन काढणाऱ्या’ महागड्या उपचारांना कसलाच आधार नाही.

आहाराने सगळं होत नाही, हेही स्पष्ट असावं. आव, विषमज्वर, जंत हे आजही इथल्या आतड्यांचे शत्रू आहेत आणि त्यांच्यावर उतारा शुद्ध पाणी आणि हात धुणं हाच. दारू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवते, तंबाखूही वाढवते. वरण-भाकरी खाऊन रात्री क्वार्टर घेणाऱ्याचा चोथा त्याला वाचवेल असं नाही. धर्माबादच्या मिरचीवर मात्र उगाच आळ येतो. तिखटाने मूळव्याधीची आग वाढते, पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं कारण म्हणून मिरची सिद्ध झालेली नाही. आणि सगळ्यात घातक गोष्ट त्या भिंतीवरच्या जाहिरातींत आहे. शौचातून रक्त गेलं की ती मूळव्याधच, असं धरून माणूस वर्षभर मलमं लावतो, धागा बांधून घेतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास आढळलं आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा कितीतरी कमी. आणि त्यांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. गुदाशयाची गाठ अनेकदा डॉक्टरांच्या बोटाच्या तपासणीतच लागते, त्याला यंत्रही लागत नाही. रक्त जात असेल, शौचाची सवय महिनाभर बदललेली असेल, वजन उतरत असेल, तर आधी शासकीय रुग्णालय गाठावं, भाकरीचा विचार नंतर करावा.

बाकी राहिलेलं काम घराघरातल्या उपदेशाने होणारं नाही. ज्या वाटेने तांदूळ ताटात आला, त्याच वाटेने ज्वारी यावी लागेल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह-जस्त जास्त असलेला परभणी शक्ती हा ज्वारीचा वाण काढला आहे. त्याला गिऱ्हाईक हवं, आणि मराठवाड्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार आहे. केंद्राने २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,३७१ रुपये हमीभाव जाहीर केला होता. हमीभावाने खरेदी झालेली ज्वारी लातूर-नांदेडच्याच रेशन दुकानांत आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत आली, तर शेतकऱ्याला खरिपात दुसरं पीक मिळतं आणि ताटाला चोथा. ग्रामसभांनी, शाळा समित्यांनी, रेशन कार्डधारकांनी ही मागणी लावून धरावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ-गव्हाच्या जोडीला भरडधान्याची तरतूद पहिल्या दिवसापासून आहे; २०२२ च्या अखेरपर्यंत त्यांचा भाव तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असा होता.